वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : शनिवारी दुपारी तीनच का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ज्यांना आपण इंग्रजांचे खेळ म्हणतो, त्यांचं आजचं रूप गिरणीच्या वेळा, रेल्वे, पगार, चर्च आणि घरातल्या बाईवरची बंधनं यांतून घडत गेलं. त्यावर बरीच पत्रं आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न निवडले आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : बाई, मी अक्कलकोट रोडला राहतो, आमच्या घरचे पॉवरलूम आहेत. इंग्लंडची फुटबॉल लीग मोबाईलवर बघतो. तिथल्या बऱ्याच मॅच शनिवारी त्यांच्या दुपारी तीनला असतात, म्हणजे आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठला. हीच वेळ का? आणि त्या वेळच्या मॅच खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, हे खरं का?

बाळा, तुझ्या घरी माग आहेत, तेव्हा सुरुवात मागापासूनच करू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लँकेशायरचा, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या भागातला, गिरणी कामगार आठवड्याचे सहा दिवस कामावर असायचा. सातवा दिवस रविवार, पण तो देवाचा. त्या दिवशी उघड्यावर खेळणं म्हणजे मोठं पाप समजलं जायचं. त्याआधी हातकामाचे कारागीर सोमवारी सर्रास दांडी मारायचे. हा रिवाज इतका जुना होता की त्याला ‘सेंट मंडे’ असं नावच पडलं होतं. वाफेवरच्या गिरणीला ही दांडी परवडेना. बॉयलर पेटला की शेकडो साचे एकदम चालू होणार, आणि माणसं आली नाहीत तरी कोळसा जळतच राहणार. सोमवारी सगळे हजर राहणार असतील तर शनिवारी लवकर सोडायला मालकही हळूहळू तयार झाले.

मग १८५० चा फॅक्टरी कायदा आला. त्याने बायकांचं आणि कोवळ्या वयाच्या कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवलं. पुरुषांना तो कायदा लागू नव्हता. पण कापड गिरणीत अर्ध्याहून जास्त हात बायका-पोरांचे. ते निघून गेल्यावर उरलेल्यांनी काय चालवायचं? गिरणीच बंद व्हायची. दोनला सुटायचं, हातपाय धुवायचे, दोन घास खायचे आणि तीनला मैदान गाठायचं. तुझी तीनची वेळ इथून आली. हिवाळ्यात तिकडे चारच्या सुमाराला अंधारून येतं, त्यामुळे दिवे नव्हते तोवर डिसेंबर-जानेवारीत मॅच आणखी लवकर लावत.

सगळ्यांना शनिवार मिळाला असं मात्र नाही. दुकानातल्या नोकरांचा शनिवार म्हणजे ऐन गर्दीचा दिवस. त्यांना आठवड्यातून एक अर्धा दिवस कायद्याने मिळाला तो १९११ मध्ये. शेफील्डमध्ये ज्यांना बुधवारची अर्धी सुट्टी होती, त्यांनी १८२० मध्ये क्रिकेट क्लब काढला आणि त्याला वाराचंच नाव दिलं. १८६७ मध्ये त्याच क्लबने फुटबॉल सुरू केला. तो शेफील्ड वेन्सडे. एखाद्या संघाच्या नावात कामगारांच्या सुट्टीचा वार अजून टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडचंही सांगते. सोलापुरात जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्या काळी आपल्या गिरण्यांतली यंत्रं बहुतेक लँकेशायरहूनच यायची. यंत्रं आली, पण त्यांच्याबरोबर सुट्टी आली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली. रविवारी तू पार्क मैदानावर जातोस, तेव्हा लोखंड्यांचं नाव तुला माहीत असायला हवं.

टीव्हीबद्दल तू ऐकलंस ते खरं आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कुठलाही फुटबॉल सामना थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठ्या संघाची मॅच घरबसल्या दिसली तर गावातल्या छोट्या क्लबचं तिकीट कोण काढणार, असं त्यांचं म्हणणं. बर्नली हेही गिरण्यांचंच गाव. मला हा नियम पटतो.

प्रश्न : ताई, मी निवृत्त गिरणी कामगार. आमच्या वेळी कबड्डीला जायचं म्हटलं की खाडा पडायचा. तिकडच्या कामगारांनी हे कसं निभावलं? आणि रग्बीचे दोन प्रकार आहेत म्हणतात, ते का?

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या खाड्यातच आहे.

माझे वडील गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरने नाव घेतलं तर पाळी, नाही तर परत. त्यांना कुस्तीचा नाद होता. पण जत्रेतल्या फडावर जायचं तर हातची पाळी सोडावी लागायची, आणि फडावर मिळणारा नारळ-फेटा घरी शिजवता येत नाही. म्हणून लँकेशायर-यॉर्कशायरच्या खेळाडूंची गोष्ट मी वाचली तेव्हा ती मला परकी वाटलीच नाही.

फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. नियम करणारे बहुतेक शिकले-सवरलेले, घरचे बरे असलेले लोक. खेळासाठी पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते स्वाभाविकही होतं, कारण मॅचला गेल्यामुळे त्यांच्या घरची चूल थांबत नव्हती. १८७२ मधल्या एफए कपच्या, म्हणजे याच असोसिएशनच्या स्पर्धेच्या, पहिल्या अंतिम सामन्यापासून कप दक्षिणेकडच्या याच मंडळींच्या संघांकडे जात राहिला. मग १८८३ साल उजाडलं. लंडनच्या ओव्हल मैदानावर एका बाजूला ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन या श्रीमंतांच्या शाळेचे माजी विद्यार्थी, आणि दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. या संघात विणकर होते, मागावर ताणा जोडणारा होता, ओतकामाच्या कारखान्यातले कामगार होते, नळजोडणी करणारा होता, कारकून होता. सामन्याआधी त्यांना ब्लॅकपूलला समुद्रकाठी नेऊन सराव करवून घेतला होता आणि त्याचा खर्च एका ओतकारखान्याच्या मालकाने उचलला होता. जादा वेळेत ऑलिम्पिकने २-१ ने कप जिंकला. त्यानंतर श्रीमंत शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकही संघ हा कप जिंकू शकला नाही.

आता पैशांचा प्रश्न दाबून ठेवणं शक्य नव्हतं. प्रेस्टन नॉर्थ एंडचे विल्यम सडेल स्वतः गिरणीचे मॅनेजर. स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणायचे, त्यांना गावात नोकरी लावून द्यायची, वर खेळाचे पैसे द्यायचे. १८८४ मध्ये तक्रार झाली तेव्हा त्यांनी ते सरळ कबूल केलं आणि प्रेस्टनला कपमधून बाद केलं गेलं. उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, तेव्हा १८८५ च्या जुलैमध्ये असोसिएशनने पगारी खेळाडूंना मान्यता दिली. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. बारापैकी सहा लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे, म्हणजे मध्य इंग्लंडचे, लंडनचा एकही नाही. ती उभी करणारे विल्यम मॅकग्रेगर बर्मिंगहॅममधले कापडाचे दुकानदार. लीग चालली ती रेल्वेमुळे. सकाळी निघून, दुपारी खेळून, रविवारच्या आत घरी पोचता येत होतं. पहिली लीग प्रेस्टनने एकही सामना न हरता जिंकली.

रग्बीत मात्र वरच्यांनी माघार घेतली नाही. यॉर्कशायरच्या क्लबांची मागणी साधी होती. खेळाचा पगार नको, सामन्यासाठी कामावरून सुटावं लागलं तर बुडालेल्या मजुरीचे सहा शिलिंग द्या. आपल्या भाषेत खाड्याची भरपाई. १८९३ च्या सभेत रग्बी युनियनने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संघटनेने, ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांचा खेळ पुढे रग्बी लीग झाला. प्रेक्षक तिकीट काढून येत होते, तेव्हा खेळ वेगवान हवा, म्हणून १९०६ पासून पंधराऐवजी तेरा खेळाडू ठेवले. म्हणजे मजुरीच्या भांडणातून मैदानावरचे नियम बदलले. उरलेल्या रग्बी युनियनने शंभर वर्षं पैसा बाहेर ठेवला. लीगमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्याला युनियनचे दरवाजे कायमचे बंद व्हायचे. ती बंदी १९९५ मध्ये उठली.

सहा शिलिंगांसाठी एक खेळ दुभंगला, असं लोक हळहळून सांगतात. मला दोष त्या सहा शिलिंगांचा वाटत नाही. ज्यांना खाडा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, त्यांच्या हातात मतं होती.

प्रश्न : रग्बीचा जन्म विल्यम वेब एलिस या मुलाने चेंडू उचलून पळ काढल्यामुळे झाला, असं पुस्तकात आहे. शाळेत हेच शिकवू का?

गोष्ट म्हणून सांगा, इतिहास म्हणून सांगू नका. ही घटना १८२३ ची म्हणतात, पण ती पहिल्यांदा सांगितली गेली १८७६ मध्ये, एलिस वारल्यानंतर, आणि सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिलेली नव्हती. पक्की गोष्ट ही की इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेतल्या तीन विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये तिथले नियम लिहून काढले. प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा होता. ही मुलं विद्यापीठात एकत्र आली की कोणाच्या नियमांनी खेळायचं यावर अडायचं, म्हणून १८४८ मध्ये केंब्रिजला सामाईक नियमांचा प्रयत्न झाला.

शाळांइतकंच चर्चचंही श्रेय मुलांना सांगा. मजूरवस्तीतली पोरं दारूच्या गुत्त्यापासून दूर राहावीत म्हणून पाद्री त्यांना खेळायला लावत. ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन हे दोन्ही क्लब मेथडिस्ट चर्चच्या मंडळींमधून निघाले. मँचेस्टर युनायटेड रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातून, आर्सेनल दारूगोळ्याच्या कारखान्यातून, वेस्ट हॅम जहाजबांधणीच्या कारखान्यातून.

प्रश्न : नमस्कार बाई. माझं वय ऐंशीच्या पुढे. रेडिओवर ऐकलेलं क्रिकेट आठवतं. इंग्लंडच्या संघात म्हणे ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ अशी वेगळी पंगत असायची. हे किती खरं?

आजोबा, अगदी खरं, आणि पंगत हा शब्द तुम्ही नेमका वापरलात. हौशी खेळाडू तो जंटलमन, मजुरी घेणारा तो प्लेअर. कपडे बदलायच्या खोल्या निराळ्या, कित्येक मैदानांवर आत उतरायची फाटकंही निराळी. धावफलकावर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. लॉर्ड्सवर एकदा लाउडस्पीकरवरून दुरुस्ती सांगितली गेली की कार्डावर ‘एफ. जे. टिटमस’ छापलंय ते ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. एका तरुण गोलंदाजाला त्याची पायरी हजारो लोकांसमोर दाखवून दिली. या दोन गटांत १८०६ पासून सामने होत आले, ते थेट १९६२ पर्यंत.

कप्तान हौशीच हवा, हा दंडक सर्वांत चिवट ठरला. विसाव्या शतकात इंग्लंडने व्यावसायिक खेळाडूला कप्तान नेमलं ते पहिल्यांदा १९५२ मध्ये, लेन हटनला. आणि हटनची कप्तान म्हणून पहिली कसोटी आपल्याविरुद्ध, लीड्सला! तुम्हाला आठवत असेल. पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरने १३३ काढल्या, कप्तान विजय हजारेंनी ८९. दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा आणि चार बाद. रॉय, गायकवाड, मंत्री आणि तोच मांजरेकर. यातले तिघे फ्रेड ट्रूमनने टिपले. पहिलीच कसोटी खेळणारा ट्रूमन यॉर्कशायरच्या खाणकामगाराच्या घरातला. आपल्या सोलापुरात लहानाचे मोठे झालेले पॉली उम्रीगर त्या मालिकेत सात डावांत मिळून ४३ धावा करू शकले. पुढे १९५५ मध्ये कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक त्यांनीच केलं, हेही इथे लिहून ठेवते, कारण सोलापूरकराने ते विसरू नये.

गंमत अशी की इंग्लंडचा कप्तान झालेला हटन तेव्हा यॉर्कशायरचा कप्तान नव्हता. तिथे अजून हौशी माणूसच हवा होता. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये सरकारी दवाखाने आले, माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं, मजूर पक्षाचं राज्य येऊन गेलं, तरी पॅव्हेलियनचं दार उघडायला १९६२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. त्या महिन्यात हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द झाला.

आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची राखण करणारे आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले. त्याच बाळूंना इथे संघातले सवर्ण सोबती चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात देत. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. इंग्रजांची पंगत पैशांवरून आणि घराण्यावरून होती, आपली जातीवरून. आपली जास्त क्रूर होती, कारण हटनसारखं मोठं होऊनही ती ओलांडता येत नव्हती.

प्रश्न : बाई, मी विडी कामगार आहे. माझी मुलगी सातवीत. तिला फुटबॉल खेळायचाय. घरचे म्हणतात, हा बाप्यांचा खेळ, इंग्लंडमध्येसुद्धा बायका आत्ता आत्ता खेळायला लागल्या. तिला काय सांगू?

ताई, तिला सांगा की शंभर वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच कामगार बायकांनी इंग्लंडची मैदानं भरवली होती.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. तोफगोळे त्यांनी बनवले. जेवणाच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या आवारात फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टनच्या डिक, कर अँड कंपनीतल्या मुलींचा संघ झाला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांचा सामना बघायला दहा हजार माणसं आली. तिकिटाचा पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी गेला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला तेव्हा आत ५३,००० प्रेक्षक होते, आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेर राहिले. त्या संघात लिली पार होती, सेंट हेलेन्सच्या मजूरवस्तीतली. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना, म्हणजे तुमच्या लेकीहून थोडीच मोठी असताना, या संघात आली.

मग काय झालं? युद्ध संपलं होतं. पुरुष परतले होते. बायकांनी पुन्हा घरात जावं असं सगळीकडून सांगितलं जात होतं. १९२१ मध्ये खाणमालकांनी टाळेबंदी केली तेव्हा बायकांच्या संघांनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळून पैसा उभा केला. ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना अगदीच अयोग्य आहे, आणि आपल्या क्लबांना मैदानं देण्यास मनाई केली. खेळ बंद करता येत नव्हता, म्हणून पायाखालची जागा काढून घेतली. ही मनाई १९७० पर्यंत टिकली. पन्नास वर्षं! प्रेस्टनच्या मुली तरीही १९६५ पर्यंत मिळेल त्या मैदानावर खेळत राहिल्या.

त्यामुळे घरच्यांना सांगा, बायका आत्ता खेळायला लागल्या हे खरं नाही. त्या खेळत होत्या, त्यांना हाकलून लावलं, आणि त्या परत आल्या. ३१ जुलै २०२२ ला वेम्ब्लीवर इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीला २-१ ने हरवून युरो कप जिंकला, तेव्हा स्टेडियममध्ये ८७,१९२ लोक होते.

मी शिकवत होते तेव्हा मैदान संध्याकाळी मुलांचं असायचं आणि मुलींना सकाळी प्रार्थनेआधीचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात खो-खोच्या चांगल्या खेळाडू तयार झाल्या, पण कितीजणी तयार होऊ शकल्या नाहीत याचा मला आजही त्रास होतो. तुम्ही शाळेत जा आणि संध्याकाळची वेळ मागा. तुमच्यासारख्या आणखी चार आयांना बरोबर घ्या. एकट्या बाईला ‘बघू’ म्हणतात, पाचजणींना वेळ द्यावी लागते. बूट लगेच घेऊ नका, पहिले काही महिने साध्या कॅनव्हासच्या बुटांवर भागतं.

प्रश्न : आमच्या भागात मुलांना खेळायला जागाच नाही. होती ती गाड्यांनी भरली. इंग्लंडमध्ये एवढी मैदानं कशी राहिली?

तिथेही आपोआप राहिली नाहीत. गावची सामाईक कुरणं कुंपणं घालून खासगी झाली, तेव्हा खेळायची जागा गेली. १८३५ च्या रस्ते कायद्याने हमरस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला दंड लावला. डर्बी शहरात अख्खं गाव दोन बाजू करून रस्त्यातून जो फुटबॉल खेळायचं, तो १८४० च्या दशकात मोडून काढला. जवळच्या ॲशबर्नमध्ये तो अजून चालतो, दोन गोलांमध्ये जवळजवळ तीन मैलांचं अंतर.

जागा गेल्यावर ओरड झाली आणि तिचा उपयोगही झाला. डर्बीतच जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने १८४० मध्ये शहराला बाग दिली. मग नगरपालिकांनी पैसे घालून उद्यानं केली. १९२५ मध्ये मैदानं वाचवण्यासाठी देशपातळीवर संस्था निघाली. १९३६ मध्ये राजा पाचवा जॉर्ज वारला, तेव्हा त्याचं स्मारक म्हणून देशभर चारशेहून अधिक मैदानं राखून ठेवली. ती आजही मैदानंच आहेत, कारण तशी कागदोपत्री अट घातलेली आहे.

तेव्हा तुम्हीही कागदापासून सुरुवात करा. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तुमच्या जागेवर विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण आहे का, ते विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. माहिती अधिकारात अर्ज करा, आराखड्याच्या त्या भागाच्या नकाशाची प्रत मागा. आरक्षण निघालं तर ती प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा, आपण पुढच्या अंकात छापू.